घटकाभराचा नेम

(मैंदर्गी येथे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटकाच्या सीमेलगतचे गाव. एका अंगाला स्वामी समर्थांचे अक्कलकोट, दुसऱ्या अंगाला सीमेपलीकडे दत्तक्षेत्र गाणगापूर. येथील अनेक घरांत कानडी बोलले जाते, शाळेत मराठी वाचले जाते आणि स्पर्धा परीक्षेचा विचार सुरू झाला की इंग्रजीची पुस्तके उघडावी लागतात. तीन भाषांचे हे ओझे येथील मूल लहानपणापासून सहज पेलते, ही कौतुकाची गोष्ट आहे. पाऊस मात्र येथे बेभरवशाचा. तूर आणि ज्वारी यांच्यावर संसार चालवणाऱ्या शेतकऱ्याजवळ मुलांना देण्यासारखी फार मोठी मालमत्ता नसते. तो देतो ते शिक्षण. म्हणूनच या परिसरातील मुलाचे अभ्यासात लक्ष लागते की नाही, हा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा उरत नाही. त्या घराच्या पुढच्या पिढीचे भवितव्य त्यावर अवलंबून असते.

"पोरगं हुशार आहे हो, पण एका जागी बसत नाही," ही तक्रार आज घरोघर ऐकू येते. शिक्षक हीच तक्रार करतात आणि खरे बोलायचे तर मोठी माणसेही आपल्या स्वतःविषयी खासगीत हेच सांगतात. वर्तमानपत्रातील अग्रलेख शेवटपर्यंत वाचून होत नाही, पोथीचा अध्याय अर्ध्यावर राहतो, जपमाळेचा मणी पुढे सरकतो आणि मन बाजारात फिरून येते. एकाग्रता हा विद्यार्थ्यांचा विषय आहे असे मानून पालकांनी बाजूला बसावे, अशी आज स्थिती नाही. हा साऱ्या घराचा विषय आहे.

मनाची तक्रार जुनीच

मन चंचल असते, हा काही आजचा शोध नव्हे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनासारखा धनुर्धर, ज्याची दृष्टी लक्ष्यावरून ढळत नसे, तोच श्रीकृष्णासमोर मनाच्या चंचलतेपुढे हात टेकतो. मनाला आवरणे हे त्याला वाऱ्याची मोट बांधण्याइतके अवघड वाटते. भगवंत त्याची तक्रार खोटी ठरवीत नाहीत. मन आवरणे अवघड आहे हे ते मान्य करतात आणि मग दोन उपाय सांगतात: अभ्यास आणि वैराग्य. पतंजलींनी योगसूत्रांत चित्तवृत्तींच्या निरोधासाठी हीच जोडी सांगितली. समर्थ रामदासांनी तर थेट मनालाच समोर बसवून दोनशेपाच श्लोकांतून त्याची समजूत घातली. मनाला शत्रू न मानता एखाद्या हट्टी मुलाप्रमाणे त्याला 'सज्जना' म्हणून हाक मारण्यात समर्थांची मोठी मानसशास्त्रीय दृष्टी दिसते.

या दोन शब्दांचा अर्थ व्यवहारात नीट लावला पाहिजे. अभ्यास म्हणजे ठरलेल्या गोष्टीकडे मनाला पुन्हा पुन्हा आणून बसवणे. येथे 'पुन्हा पुन्हा' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मन सुटले म्हणजे एकाग्रता फसली, असे विद्यार्थ्यांना वाटते आणि ते पुस्तक मिटतात. प्रत्यक्षात सुटलेले मन ध्यानात येणे आणि ते परत आणणे, हाच अभ्यास आहे. तालमीत पहिल्या दिवशी शंभर जोर कोणी मारत नाही. दहाव्या जोराला हात थरथरले म्हणून कोणी तालीमही सोडत नाही. मनाच्या तालमीला हाच न्याय लावावा.

वैराग्य हा शब्द ऐकताच भगवी वस्त्रे डोळ्यांपुढे येतात. रोजच्या जीवनात त्याचा अर्थ साधा आहे. जे करायचे आहे त्यासाठी जे करायचे नाही ते सोडणे. स्वामी विवेकानंदांनी शिक्षणाविषयी बोलताना, पुन्हा शिकण्याची संधी मिळाली तर माहिती गोळा करण्यापूर्वी एकाग्रता आणि अलिप्तता या दोन शक्ती कमावीन, अशा आशयाचे उद्गार काढले होते. एकाग्रतेचा उल्लेख सगळे करतात, अलिप्ततेचा सोयीस्कर विसर पडतो. मनाला एखाद्या विषयावर चिकटवता येणे जितके आवश्यक, तितकेच त्याला एखाद्या विषयापासून सोडवता येणेही आवश्यक असते. आजची अडचण प्रामुख्याने या दुसऱ्या बाजूची आहे.

आजचे नवे संकट

जुन्या काळी मन आपल्याच ओढीने भटकत असे. आता त्याला भटकवणे हा जगातील एक मोठा व्यवसाय झाला आहे. हर्बर्ट सायमन या अमेरिकन विद्वानाने, ज्यांना पुढे १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, १९७१ मध्येच इशारा दिला होता की माहितीची सुबत्ता आली की अवधानाचे दारिद्र्य येणार. तेव्हा घराघरांत संगणक नव्हते, खिशात फोन नव्हते. आज फुकट मिळणाऱ्या चित्रफितींची किंमत पैशात चुकवावी लागत नाही, कारण ती वेळेच्या आणि लक्षाच्या रूपाने आधीच वसूल होते. माणूस पडद्यासमोर जितका अधिक वेळ थांबेल तितक्या जाहिराती त्याला दाखवता येतात. म्हणून एक चित्रफीत संपण्याआधीच दुसरी हजर केली जाते. पूर्वीच्या पुस्तकाला शेवटचे पान होते, आकाशवाणीवरच्या कार्यक्रमाला समाप्ती होती. या नव्या प्रवाहाला शेवटचे पान मुद्दामच ठेवलेले नाही.

अमेरिकेतील संशोधिका ग्लोरिया मार्क यांनी अनेक वर्षे माणसांच्या संगणक-वापराची निरीक्षणे केली. एका पडद्यावर माणूस किती वेळ टिकतो हे त्या मोजत होत्या. २००४ च्या सुमारास हा काळ सरासरी अडीच मिनिटे होता. अलीकडच्या वर्षांत तो ४७ सेकंदांपर्यंत खाली आला. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये मांडलेला निष्कर्षही बोधप्रद आहे. एक काम अर्धवट सोडून माणूस दुसऱ्या कामाकडे वळला तरी त्याच्या लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच रेंगाळत राहतो. गणित सोडवता सोडवता एखादा संदेश पाहण्यात केवळ अर्धे मिनिट गेले, असे विद्यार्थ्याला वाटते. पुस्तकाकडे तो परत येतो तेव्हा डोळे गणितावर असतात, मन मात्र त्या संदेशाला काय उत्तर द्यावे याचा विचार करत असते. हिशेब अर्ध्या मिनिटाचा नसतो.

यासाठी मुलाला आळशी, बेजबाबदार म्हणून दोष देत बसणे अन्यायाचे आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासमोर जगातील अत्यंत कुशाग्र तंत्रज्ञांनी रचलेले आकर्षण ठेवायचे आणि 'इच्छाशक्ती दाखव' असे त्याला बजावायचे, ही लढाई बरोबरीची नाही. ऑस्ट्रेलियासारख्या देशाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवण्यास मनाई करणारा कायदा केला आणि डिसेंबर २०२५ पासून तो लागू केला, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येईल. परंतु सर्व भार कायद्यावर टाकून चालत नाही. ज्या समाजाजवळ मनाच्या अभ्यासाची हजारो वर्षांची परंपरा आहे, त्याने आधी आपली शिदोरी उघडून पाहिली पाहिजे.

अष्टावधानी म्हणजे कोण?

एका वेळी चार कामे करणाऱ्याला मराठीत मोठ्या कौतुकाने 'अष्टावधानी' म्हटले जाते. एका हातात फोन, कानात गाणे, समोर पुस्तक अशा अवस्थेत बसलेला विद्यार्थीही स्वतःला तसाच समजतो. मूळ अष्टावधान हे काय आहे, ते पाहण्यासारखे आहे. तेलुगू आणि कन्नड प्रदेशांत ही विद्या आजही जिवंत आहे. कर्नाटकातील शतावधानी आर. गणेश यांचे कार्यक्रम प्रसिद्ध आहेत. अवधानी मध्यभागी बसतो आणि आठ पृच्छक त्याला क्रमाने प्रश्न विचारतात. कोणी समस्यापूर्ती मागतो, कोणी अक्षरांचे बंधन घालतो, कोणी मधूनच घंटा वाजवतो आणि एकूण टोले किती पडले ते शेवटी विचारतो. अवधानी प्रत्येकाकडे पाळीपाळीने वळतो, त्या क्षणी पूर्णतः त्याचाच होतो आणि आधीचे सारे स्मृतीत अखंड जपून ठेवतो. आठ गोष्टींत विखुरलेल्या मनाला हे साधणे शक्य नाही. एकेका गोष्टीवर पूर्ण स्थिर होण्याचे सामर्थ्य आठ वेळा सिद्ध करणे, असा त्याचा अर्थ आहे.

त्या आठ पृच्छकांत एकाचे नाव 'अप्रस्तुतप्रसंगी' असते. त्याचे काम एकच, अवधानी विचारात मग्न असताना मध्येच काहीतरी असंबद्ध विचारून त्याचे चित्त विचलित करणे. पूर्वजांनी विक्षेपालाही परीक्षेत स्थान दिले होते, पण तो आठांतला एक होता आणि सभेच्या नियमाने बांधलेला होता. आजच्या विद्यार्थ्याच्या उशाशी हा अप्रस्तुतप्रसंगी अहोरात्र बसलेला असतो आणि त्याला नियम घालणारा सभाध्यक्ष घरात कोणी उरलेला नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये एकाच वेळी अनेक माध्यमे हाताळणाऱ्या तरुणांची परीक्षा घेतली. सततच्या सरावाने ही मंडळी विषय बदलण्यात तरबेज झाली असतील, असा समज होता. प्रत्यक्षात अनावश्यक गोष्टी वगळण्यात आणि एका कामावरून दुसऱ्याकडे वळण्यातही तीच मागे पडली. ज्याला आजचा तरुण आपले सामर्थ्य समजतो, ते अनेकदा केवळ विखुरलेपण असते.

या मातीतील साधना

मैंदर्गी परिसराला एकाग्रतेची साधना शिकण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. वीरशैव-लिंगायत परंपरेतील इष्टलिंग पूजा ही नित्याची साधना येथे पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. डाव्या तळहातावर इष्टलिंग घ्यायचे, दृष्टी त्यावर स्थिर करायची आणि मनाला त्या दृष्टीच्या मागे नेऊन बसवायचे. देवळापर्यंत जाण्याचे अंतर नाही, मोठ्या सामग्रीची अपेक्षा नाही. एकाग्रतेची शाळाच या परंपरेने माणसाच्या तळहातावर ठेवली. योगशास्त्रात ज्याला धारणा म्हणतात, म्हणजे एका स्थानी चित्त बांधणे, त्याचा इतका सुलभ आणि सार्वत्रिक अभ्यास क्वचितच आढळेल. आज तोच तळहात, तीच खाली वळलेली दृष्टी आणि तितकीच तल्लीनता दिसते, परंतु हातात दुसरीच वस्तू असते. घरातील आजोबा-आजींनी नातवाला जवळ घेऊन या पूजेतील स्थिरतेचा अर्थ समजावून सांगितला, तर तो कोणत्याही शिबिरातील भाषणापेक्षा अधिक खोल रुजेल.

बाराव्या शतकात सोलापुरात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदवला, देवालये उभारली, लोकोपयोगी कामे केली. अल्लमप्रभू त्यांना भेटले आणि बाहेरच्या कार्याबरोबर आतल्या शिवयोगाकडेही त्यांची दृष्टी वळवली, असे परंपरा सांगते. कर्म थोर असले तरी करणाऱ्याचे चित्त स्थिर हवे, हा त्या भेटीचा अर्थ. सोलापूरकर दरवर्षी मकर संक्रांतीला सात नंदीध्वजांची मिरवणूक पाहतात. ती उंच, जड काठी तोलून चालणारा मानकरी आदल्या दिवशी उठून ते काम करत नाही. यात्रेआधी कितीतरी दिवस त्याचा सराव चाललेला असतो. गर्दी आहे, वाद्यांचा गजर आहे, जयघोष आहे. त्या सगळ्यात काठीचा तोल मात्र ढळत नाही. एकाग्रता म्हणजे नीरव गुहेतच साधणारी गोष्ट, असे मानणाऱ्याने हे दृश्य आठवावे. शांततेत कमावलेली स्थिरता गर्दीत उपयोगी पडते. क्रम उलटा करता येत नाही.

क्रीडाक्षेत्रातील ताजे उदाहरण पाहा. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करणारा हा तरुण. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत नेम धरायचा. प्रत्येक गोळीनंतर मागची गोळी विसरायची, मग ती चांगली लागलेली असो वा वाईट. येथेही अभ्यास आणि वैराग्य ही जोडी दिसते. लक्ष्यावर मन आणणे हा अभ्यास आणि झालेल्या चुकीपासून मन सोडवणे हे वैराग्य. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदकासाठी बहात्तर वर्षे थांबावे लागले होते.

एक जीवन, एक ध्येय

एकाग्रता ही तासा-दोन तासांची कसरत असते, तशी ती आयुष्याची दिशाही असू शकते. याचे उत्तुंग उदाहरण म्हणजे एकनाथजी रानडे. अमरावती जिल्ह्यातील टिमटाळा येथे १९१४ मध्ये जन्मलेले एकनाथजी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक झाले आणि १९५६ ते १९६२ या काळात त्यांनी सरकार्यवाह म्हणून जबाबदारी सांभाळली. १९६३ हे स्वामी विवेकानंदांचे जन्मशताब्दी वर्ष. त्या निमित्ताने एकनाथजींनी स्वामीजींचे समग्र साहित्य बारकाईने वाचून काढले आणि निवडक विचारांचा संकलनग्रंथ सिद्ध केला. पुढे कन्याकुमारीच्या श्रीपाद शिलेवर, जेथे १८९२ च्या डिसेंबरमध्ये स्वामीजींनी ध्यान केले होते, तेथे स्मारक उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले.

कार्य सोपे नव्हते. शिलेवरून स्थानिक वाद पेटला होता. तत्कालीन मद्रास राज्याचे मुख्यमंत्री भक्तवत्सलम् अनुकूल नव्हते. केंद्रीय मंत्री हुमायून कबीर यांचा विरोध होता. अशा वेळी वादात शिरणे, प्रत्युत्तरे देणे, वृत्तपत्रांतून शब्दयुद्ध करणे हे सोपे होते आणि कार्यकर्त्यांना ते आवडलेही असते. एकनाथजींनी तो मोह टाळला. डिसेंबर १९६३ मध्ये दिल्लीत त्यांनी अवघ्या तीन दिवसांत ३२३ खासदारांच्या स्वाक्षऱ्या मिळवल्या. त्यांत सर्व पक्षांचे लोक होते. त्यानंतर निधीसाठी देशभरातील लक्षावधी सामान्य माणसांकडून एकेक रुपया गोळा झाला आणि राज्यांची सरकारेही पुढे आली. २ सप्टेंबर १९७० रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. ७ जानेवारी १९७२ रोजी विवेकानंद केंद्राची स्थापना झाली. २२ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत हेच कार्य त्यांच्या जीवनाचा श्वास होता.

एकनाथजींनी किती केले याची मोजदाद सगळे करतात. त्यांनी काय केले नाही, हेही पाहावे. ज्यांनी विरोध केला त्यांच्याशी त्यांनी वैर धरले नाही, राजकीय लाभाकडे पाहिले नाही, एक काम सोडून दुसऱ्यामागे ते धावले नाहीत. ध्येय निश्चित झालेल्या माणसाला 'नाही' म्हणताना त्रास होत नाही. अभ्यासाला बसलेल्या विद्यार्थ्याचे मन भरकटते त्यामागे कधी कधी हेच कारण असते. आपण हे कशासाठी शिकत आहोत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. केवळ 'चांगली नोकरी मिळेल' एवढे उत्तर सोळा वर्षांच्या मनाला बांधून ठेवायला पुरत नाही.

येथे एक सावधगिरीचा शब्द आवश्यक आहे. एकाग्रता हे सामर्थ्य आहे आणि सामर्थ्याला सद्‌बुद्धीची जोड लागते. बगळाही एका पायावर एकाग्र उभा असतो. घरफोडी करणाऱ्याचेही चित्त कुलुपावर पूर्ण स्थिर असते. म्हणूनच पतंजलींनी धारणा आणि ध्यान यांच्या आधी यम-नियम सांगितले. चारित्र्याच्या पायावाचून मिळवलेली एकाग्रता समाजाच्या उपयोगी पडेलच, असे नाही.

मोहित्यांच्या वडगावचा भोंगा

एका घराने निश्चय केला आणि शेजारच्या घरातून दूरचित्रवाणीचा आवाज येत राहिला, तर तो निश्चय किती दिवस टिकेल? सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. कोरोनाच्या काळात शिक्षणासाठी म्हणून मुलांच्या हाती फोन आले आणि शाळा पुन्हा उघडल्या तरी ते हातातून सुटेनात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये या गावाने एक ठराव केला. रोज सायंकाळी सात वाजता गावातील मंदिरावरचा भोंगा वाजायचा. त्या क्षणी घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि फोन बंद करायचे. साडेआठ वाजता दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, वाचायचे, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचे. आरंभी काहींनी ही कल्पना हसण्यावारी नेली. महिलांनी ती उचलून धरली. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरून समजावू लागले आणि हळूहळू गावाला त्याची सवय झाली. या उपक्रमाची वार्ता देशाबाहेरही पोहोचली.

या प्रयोगात शहाणपणाच्या तीन गोष्टी आहेत. पहिली, बंदी दिवसभराची नसून दीड तासाची आहे. जे पाळता येणार नाही ते गावाने ठरवले नाही. दुसरी, नियम केवळ मुलांना नाही, वडिलांनाही आहे. 'तू वाच' असे सांगून स्वतः फोनवर बोटे फिरवणाऱ्या बापाचे शब्द मुलाच्या कानापर्यंत पोहोचतात, मनापर्यंत नाहीत. तिसरी, वेळ साऱ्या गावाची एक आहे. मित्राचा फोनही बंद असल्याने काहीतरी हुकत असल्याची हुरहुर मुलाला लागत नाही. सामूहिक नियमाने व्यक्तीचे व्रत सोपे होते, हे सूत्र संघशाखेने शंभर वर्षांपूर्वीच ओळखले. रोज ठरलेली वेळ, ठरलेले स्थान, एक तास आणि 'दक्ष' ही आज्ञा. तो शब्दच अवधानाचा आहे.

घटिकेचा नेम

आता प्रत्यक्षात काय करावे? पाश्चात्त्य देशांत पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती, ही पद्धत फार लोकप्रिय आहे. फ्रांचेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती शोधली. स्वयंपाकघरातील टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ लावून तो अभ्यास करत असे. ही पद्धत उत्तमच आहे. पण भारतीय कालगणनेत अहोरात्रीच्या साठ घटिका होतात आणि एक घटिका चोवीस मिनिटांची असते, हे किती जणांना आठवते? लग्नघरात पाण्यावर सोडलेले, तळाशी सूक्ष्म छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र वडीलधाऱ्या मंडळींनी पाहिले असेल. ते भरून बुडाले की घटका भरली. आजही पाहुण्याला 'घटकाभर टेका' असे म्हणतात. मनाला एका बैठकीत सहज पेलेल असे हे माप पूर्वजांच्या हाताशी होते.

विद्यार्थ्याने रोज एका घटिकेपासून आरंभ करावा. चोवीस मिनिटे, एकच विषय, एकच पुस्तक. फोन बंद करून उशाशी नव्हे, दुसऱ्या खोलीत ठेवावा. टेक्सास विद्यापीठातील एका प्रयोगात, जो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, फोन समोर नुसता ठेवलेला असला तरी बुद्धीच्या कामावर त्याचा परिणाम होतो आणि तो दुसऱ्या खोलीत असणाऱ्यांची कामगिरी उजवी ठरते, असे आढळले. बसताना शेजारी एक कोरा कागद ठेवावा. मध्येच आठवलेले काम, विचारायचा प्रश्न, करायचा फोन, सारे त्यावर एका शब्दात टिपून पुन्हा पुस्तकाकडे यावे. मन विसरण्याच्या भीतीने एखादी गोष्ट घोळवत राहते. कागदाने ती भीती जाते. घटिका संपली की उठावे, पाणी प्यावे, अंगणात चार पावले चालावीत. त्या विश्रांतीत फोन घेऊ नये, नाही तर मनाला विश्रांती मिळतच नाही. महिनाभराने दोन घटिका सलग बसावे. दोन घटिका म्हणजे एक मुहूर्त, अठ्ठेचाळीस मिनिटे, शाळेच्या तासाएवढा काळ.

दुसरी गोष्ट मोठ्याने वाचण्याची. ज्या मुलाच्या घरची भाषा कानडी आणि पुस्तकाची मराठी आहे, त्याने रोज एक पान स्पष्ट उच्चारात वाचावे. डोळे, जिव्हा आणि कान एकाच शब्दावर येतात, त्यामुळे मनाला सुटायला वाव कमी राहतो. पाठांतराची आणि पारायणाची जुनी पद्धत याच तत्त्वावर उभी होती.

तिसरी गोष्ट शरीराची. थकलेल्या शरीरात स्थिर मन राहत नाही. सकाळचे बारा सूर्यनमस्कार आणि काही मिनिटांचा शांत प्राणायाम यांना खर्च येत नाही. त्याहून महत्त्वाची झोप. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्राविषयक वैद्यकशास्त्र सांगते. रात्री एक वाजेपर्यंत अंथरुणात पडदा पाहणारा मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात जागा असला तरी त्याचे चित्त झोपलेलेच असते.

समाजाचे उत्तरदायित्व

शेवटी एक अप्रिय पण आवश्यक गोष्ट. मुलांकडून एकाग्रतेची अपेक्षा धरणारा समाज त्यांना शांतता देतो काय? फेब्रुवारी-मार्च हे परीक्षांचे दिवस. त्याच सुमारास लग्नसराई असते, जत्रा असतात, जयंत्या आणि पुण्यतिथ्या असतात. ध्वनिवर्धकाच्या भिंती उभ्या राहतात आणि दहावीची विद्यार्थिनी कानात कापूस घालून प्रमेय पाठ करते. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे, आणि शाळा-रुग्णालयांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. हा नियम इतरांना दाखवण्यापूर्वी स्वतःच्या उत्सवात पाळला पाहिजे. ज्या देवतेला विद्येची देवता म्हणून पुजायचे, तिच्याच मिरवणुकीने विद्यार्थ्याचे पुस्तक मिटवायचे, हे धर्माला शोभणारे नाही. हिंदू समाजाने हा विवेक स्वतःहून दाखवला तर इतरांना सांगण्याचा नैतिक अधिकारही त्याला मिळेल.

मैंदर्गीत मंदिरे आहेत, मठांची परंपरा आहे, सजग माता आहेत. मोहित्यांच्या वडगावला जे साधले ते येथे न साधण्याचे कारण नाही. दीड तास जड वाटत असेल तर दोन घटिकांपासून प्रारंभ व्हावा. दिवेलागणीची वेळ निवडावी. शुभंकरोती झाली की घरातील प्रत्येकाचा फोन एका कोनाड्यात ठेवला जावा, सर्वांत आधी वडिलांचा. आरंभ एका गल्लीतील दहा घरांनी केला तरी पुरे. सारे गाव तयार होण्याची वाट पाहू नये. सोमवार हा शिवाचा वार, या परिसराला तो वेगळा सांगावा लागत नाही. येत्या सोमवारी सायंकाळी ती पहिली दहा घरे कोणती, हे ही सभा संपण्यापूर्वी येथे जमलेल्या मातांनी आपसात ठरवावे, एवढीच विनंती.